पाणी नितळ दिसले, तरी मासे का मेले?
नारायण पेठेतल्या एका परसातील मत्स्य-भाजी प्रयोगाचा धडा

पुण्याची नारायण पेठ म्हटली की केसरीवाडा, मोदी गणपती आणि लक्ष्मी रस्त्याची गर्दी डोळ्यांपुढे येते. मासे पाळण्यासाठी ही पेठ कोणी सांगणार नाही. तरीही याच पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या मागच्या चौकात गेल्या वर्षी जे घडले, ते खेड्यापाड्यांतील बचत गटांनी, शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी मुद्दाम ऐकावे असे आहे. कारण आता अशा टाक्या गावोगाव बसू लागल्या आहेत, आणि पहिल्या पंधरवड्यातच मासे मेल्यामुळे टाकी अडगळीत गेल्याची उदाहरणेही त्याच वेगाने वाढत आहेत.

वाडा आमच्या थोरल्या मावसभावाचा. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. बँकेतून निवृत्त झाले आणि वेळ जाईना, म्हणून त्यांनी ‘अ‍ॅक्वापोनिक्स’ करायचे ठरवले. नाव अवघड असले तरी गोष्ट सोपी आहे. एका टाकीत मासे. त्यांच्या विष्ठेचे पाणी पंपाने शेजारच्या खडीच्या वाफ्यात जाते. वाफ्यात पालक, पुदिना, अळू. झाडे खत घेतात, पाणी स्वच्छ होऊन परत माशांकडे येते. माती नाही, वरखत नाही, आणि तेच पाणी फिरत राहिल्याने पाणीही थोडे लागते.

अण्णांना आधी हे सगळे गच्चीवर करायचे होते. ओळखीच्या इंजिनिअरने हात जोडले. एक हजार लिटर पाणी म्हणजे सरळ एक टन वजन, वर खडी आणि टाकी वेगळी. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा भार धरतात. चाळीस सेंटिमीटर उंचीचे पाणी उभे केले तरी तो चारशे किलोवर जातो. लाकडी तुळयांच्या वाड्याचे तर बोलायलाच नको. म्हणून टाकी खाली, मागच्या चौकात आली. शाळेच्या स्लॅबवर टाक्या चढवू पाहणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

सहाव्या दिवशी काय झाले

पाचशे लिटरची काळी टाकी, खडीचे दोन वाफे, छोटा पंप. टाकी वाड्यातल्या बोअरच्या पाण्याने भरली. दुसऱ्याच दिवशी सायप्रिनसची चाळीस बोटुकली आणून सोडली. मासे लहान, उत्साह मोठा. अण्णा सकाळ-संध्याकाळ मूठमूठ खाद्य टाकायचे. नातवंडे आली की आणखी एक मूठ.

सहाव्या दिवशी पहाटे वहिनींनी हाक मारली, "अहो, लवकर या, मासे वर येऊन तोंड उघडतायत." अकरा मासे मेलेले होते. पाणी मात्र आरशासारखे नितळ. वासही नव्हता.

अण्णा मूळचे टापटिपीचे. त्यांनी तेच केले जे कोणीही केले असते. सगळे पाणी उपसले, खडी वाफ्याबाहेर काढून नळाखाली घासून धुतली, आणि टाकी नळाच्या ताज्या पाण्याने काठोकाठ भरली. संध्याकाळपर्यंत आणखी सतरा मासे गेले. चाळीसपैकी बारा उरले.

योगायोगाने त्याच आठवड्यात दौंड तालुक्यातले एक ग्रामसेवक हा प्रयोग पाहायला येणार होते. त्यांच्या गावातल्या बचत गटाने अशा पाच टाक्यांची मागणी केली होती आणि प्रस्ताव त्यांच्या टेबलावर होता. अण्णांनी फोन करून सांगितले, "साहेब, येऊ नका, इथं दाखवण्यासारखं काही राहिलं नाही." ग्रामसेवक म्हणाले, "अण्णा, मग तर यायलाच पाहिजे. चांगलं चाललेलं सगळेच दाखवतात."

ते आले, आणि येताना मत्स्यशास्त्र शिकलेल्या एका मित्राला घेऊन आले. वहिनींनी तुळशीला घालायला म्हणून टाकीतल्या जुन्या पाण्याची एक बादली बाजूला ठेवली होती. तिचाच उपयोग झाला. मित्राने पिशवीतून थेंबांच्या बाटल्या काढल्या, नळीत पाणी घेऊन रंग पाहिला आणि एवढेच म्हणाला, "अण्णा, मासे आजाराने नाही मेले. आपल्याच लघवीत गुदमरले."

अमोनियाचे गणित

मासा खातो त्यातल्या प्रथिनांचा मोठा भाग अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. बत्तीस टक्के प्रथिनांचे एक किलो खाद्य घातले तर सुमारे तीस ग्रॅम अमोनिया-नत्र पाण्यात येते. अण्णा दिवसाला पन्नास ग्रॅम खाद्य टाकत होते. म्हणजे दीड ग्रॅम नत्र, पाचशे लिटर पाण्यात. लिटरला तीन मिलिग्रॅम, आणि तेही रोज. न खाल्लेले खाद्य कुजले तरी त्याचा अमोनियाच होतो. बादलीतल्या पाण्याचा रंग तक्त्यावरच्या शेवटच्या गडद खुणेला, लिटरला आठ मिलिग्रॅमला, टेकला होता.

दुसरी गोष्ट सामूची. जमिनीचा सामू शेतकऱ्यांना ठाऊक आहे, पाण्यालाही तो असतो. पाण्यातला सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर त्यातला अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर जातो आणि ९ ला एक तृतीयांशाहून अधिक. अण्णांच्या बोअरच्या पाण्याचा सामू निघाला ८.२. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात बोअरचे पाणी जड आणि अल्कधर्मी असणे ही नेहमीचीच गोष्ट. म्हणजे तेवढाच अमोनिया, पण विष सामू ७ च्या मानाने दसपटीहून जास्त.

मग दुसऱ्यांदा का मेले?

पहिल्यांदा अमोनियाने मारले, दुसऱ्यांदा क्लोरिनने. नळाचे पाणी पिण्याला निर्धोक राहावे म्हणून त्यात क्लोरिन ठेवलेच जाते. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे असा दंडक आहे. माणसाला ते तारक, पण माशाच्या कल्ल्यांना त्याच्या दहाव्या हिश्शानेही इजा होऊ शकते.

खेड्यातही हेच आहे. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर पडते. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी रोज ओटी टेस्ट घेतो. नळीत थेंब टाकले की पाणी पिवळे होते. हीच टेस्ट इथे उपयोगी पडते. पिवळेपणा दिसला तर ते पाणी माशांचे नाही. उघड्या पिंपात भरून, हवेचा पंप लावून एक-दोन दिवस ठेवावे आणि पुन्हा टेस्ट घ्यावी. घाईच असेल तर फोटो धुणारे पूर्वी ‘हायपो’ म्हणून वापरत ते सोडियम थायोसल्फेट चालते. एक भाग क्लोरिनला वजनाने सात भाग, म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरिन असलेल्या पाचशे लिटरला दोन ग्रॅमच्या आत.

तिसरी चूक खडी धुण्याची, आणि ती सर्वांत महागाची. खडी ही नुसती खडी नसते. तिच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो आणि सगळे यंत्र त्यावर चालते. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राईट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राईटचे नायट्रेट. अमोनिया विष, नायट्राईटही विष, नायट्रेट मात्र झाडाचे अन्न. शेतात युरिया टाकल्यावर जमिनीत जे घडते तेच हे. हे काम जिवाणू करतात हे रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवून दिले. जमिनीत हे जिवाणू मुळातच असतात. नव्या टाकीत ते नसतात, त्यांना वसायला पाच-सहा आठवडे लागतात. जे थोडेफार बसू लागले होते, ते अण्णांनी क्लोरिनच्या पाण्याने घासून काढले.

विरजण लावा, मग दूध घाला

ग्रामसेवकांनी विचारले, "मग हे जिवाणू विकत आणायचे का?" उत्तर वहिनींनीच दिले. "दह्याला काय करतो आपण? शेजारणीकडून विरजण आणतो." अगदी तसेच. ज्याची टाकी वर्षभर नीट चालली आहे आणि जिथे माशांना रोग नाही, त्याच्याकडून चार मुठी ओली खडी आणावी. उन्हात वाळू देऊ नये, नळाखाली धरू नये, आणली की थेट वाफ्यात घालावी.

पण विरजणाला दूध लागते. इथे दूध म्हणजे अमोनिया. मासे न सोडता तो द्यायचा. रोज थोडे खाद्य टाकीत कुजू द्यावे. पाचशे लिटरला दहा ग्रॅम पुरे. कुणाला वाटेल, घरात युरियाचे पोते आहे, चिमूटभर टाकू. ते करू नये. २०१५ पासून देशात शेतीचा युरिया कडुनिंबाचे आवरण लावूनच मिळतो, आणि ते आवरण असते कशासाठी? अमोनियाचे नायट्रेट होण्याची क्रिया मंद करण्यासाठीच. शेतात तो फायदा, टाकीत तोच अडथळा.

अण्णांनी उरलेले बारा मासे एका पिंपात हलवले. त्यात मुरवलेले पाणी, हवेचा पंप आणि खाद्य नावापुरते. मुख्य टाकी रिकामी ठेवून पुन्हा सुरुवात केली आणि बँकेच्या सवयीने वहीत रोजच्या नोंदी ठेवल्या. ती वही मी पाहिली आहे. चौथ्या दिवशी अमोनिया २. चौदाव्या दिवशी अमोनिया उतरू लागला आणि नायट्राईट चढू लागले. तिसऱ्या आठवड्यात नायट्राईट टोकाला. इथे पुष्कळ जण फसतात. अमोनिया गेला म्हणून मासे सोडतात आणि नायट्राईटने घालवून बसतात. नायट्राईटने माशाचे रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही तो गुदमरतो. तेहतिसाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत आले आणि नायट्रेट दिसू लागले. तेव्हा कुठे बारा मासे टाकीत आले.

आकडे लक्षात ठेवा

घरच्या टाकीसाठी एवढे आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत:

• सामू ६.८ ते ७.२. जिवाणूंना थोडा जास्त आवडतो, झाडांना थोडा कमी. ही दोघांतली तडजोड आहे.
• अमोनिया आणि नायट्राईट शून्याच्या जवळ. लिटरला १ मिलिग्रॅमवर गेले की खाद्य बंद.
• नायट्रेट ५ ते १५०. त्याहून चढले तर झाडे कमी पडतात किंवा मासे जास्त झालेत.
• विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर.
• पालेभाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये छोट्या संचांसाठी काढलेल्या पुस्तिकेत हे प्रमाण दिले आहे. पण ते मुरलेल्या टाकीचे. नव्या टाकीत त्याच्या तिसऱ्या हिश्शाने सुरुवात करावी.

पहिले दोन महिने चाचणी एक दिवसाआड, पुढे आठवड्याला. थेंबांचे किट शोभेच्या माशांच्या दुकानात मिळते. डोळ्यांवर आणि नाकावर भरवसा ठेवू नये. अण्णांचे पाणी नितळच होते.

बिघडले तर काय करावे

मासे वर येऊन हवा घेऊ लागले तर पहिली गोष्ट, खाद्य बंद. मासे दोन-चार दिवस उपाशी राहिल्याने मरत नाहीत, पण जास्त खाऊ घातल्याने मरतात. दुसरी गोष्ट, हवा वाढवावी. तिसरी, चौथा हिस्सा पाणी काढून मुरवलेले पाणी घालावे. सगळे पाणी कधीही बदलू नये आणि खडीला हात लावू नये. नायट्राईट चढले असेल तर लिटरला एक ग्रॅमपर्यंत साधे खडे मीठ विरघळवून घालावे, म्हणजे पाचशे लिटरला फार तर अर्धा किलो. मिठातल्या क्लोराईडमुळे नायट्राईट कल्ल्यांतून आत शिरायला अटकाव होतो. मात्र हा अडीअडचणीचा उपाय आहे. झाडांना वारंवार मीठ सोसत नाही.

काही महिन्यांनी उलटे संकट येते. जिवाणू काम करतात तशी पाण्याची अल्कता खर्ची पडते आणि सामू उतरू लागतो. तो सहाच्या खाली गेला की जिवाणू मंदावतात आणि अमोनिया पुन्हा साठतो. त्यासाठी कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून टाकीत सोडावा. लागेल तसा तो हळूहळू विरघळतो. सुरुवातीला मात्र उलट काळजी. वाफ्यात चुनखडीचे दगड नकोत, त्यांनी सामू चढतो. खडीवर लिंबू पिळावे किंवा व्हिनेगर टाकावे. फेस आला तर ती खडी घेऊ नये. काळ्या दगडाची धुतलेली खडी उत्तम. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडले आहे. चिलेटेड लोह द्यावे.

गाळाचेही पाहावे. पुणेकरांना हे नवीन नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळातून शहरात आणले, तेव्हा वाटेत गाळ बसण्याची सोय केली होती. ते पाणी पुढे पेठांतल्या हौदांत जाई. काळा हौद, बदामी हौद ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. आधी गाळ बसवा, मग पाणी पुढे न्या, हेच तत्त्व इथे लागू. टाकी आणि वाफा यांच्यामध्ये एक बादली किंवा छोटे पिंप ठेवले की विष्ठा खाली बसते. आठवड्याला ती काढून कुंड्यांना घालावी.

आणि फवारणी अजिबात नको. मोरचूद, कीटकनाशक, निंबोळी तेल, काहीही पानावर मारले तरी ते शेवटी माशापर्यंत पोहोचते. मावा आला तर पाण्याच्या धारेने धुवावा.

खेड्यातल्या दोन अडचणी

पहिली विजेची. पंप थांबला की हवा थांबते, आणि दाट मासे असलेल्या टाकीत तास-दोन तासांत जीव जाऊ शकतात. भारनियमन असेल तिथे बॅटरीवरचा हवेचा पंप हा शोभेचा नव्हे, गरजेचा खर्च आहे. प्रस्तावात तो नसेल तर प्रस्ताव अपुरा समजावा.

दुसरी ऋतूंची. पाणी जितके गरम तितका प्राणवायू कमी मावतो. २५ अंशाला लिटरमध्ये सुमारे आठ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. उन्हाळ्यात टाकीवर शेडनेट आणि झाकण हवे. झाकणाने शेवाळही रोखले जाते आणि डासही. थंडीत पाणी सतरा अंशांखाली गेले की जिवाणू मंदावतात. तेव्हा खाद्यही तेवढेच कमी करावे.

माशांच्या जातीबद्दलही सावध राहावे. उजनीच्या कृपेने आपल्याकडे चिलापी सर्वांना माहीत आहे आणि ती काटकही आहे. पण ती पाळण्यासाठी नियम आहेत. मत्स्यव्यवसाय विभागाला विचारूनच बीज आणावे. आफ्रिकन मागूर अर्थात ‘थाई मागूर’ला तर देशात बंदी आहे. कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नये. नवशिक्याला सायप्रिनस बरा.

उद्घाटनाची तारीख आधी ठरवू नका

ग्रामसेवक परत जाताना जे बोलले ते गावकारभाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. ते म्हणाले, "आमच्याकडं टाकी बसते त्याच दिवशी नारळ फुटतो, पाहुण्यांच्या हस्ते मासे सुटतात, फोटो निघतो. पंधरा दिवसांनी बायका रडत येतात. आणि आम्ही म्हणतो, त्यांनी नीट सांभाळलं नाही."

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत फिरत्या पाण्यावरील मत्स्यपालन आणि बायोफ्लॉकच्या टाक्यांचा समावेश झाला, तेव्हापासून टाकीतल्या मासळीबद्दलची उत्सुकता वाढली आहे. ती चांगलीच आहे. पण पैसा टाकी, पंप आणि मासे यांवर खर्ची पडतो. चाचणीचे किट, राखीव हवेचा पंप आणि सहा आठवड्यांचा धीर यांना कागदावर रकानाच नसतो. दौंडच्या त्या प्रस्तावात आता तो रकाना घातला आहे. पाचऐवजी आधी दोनच टाक्या, प्रत्येक टाकीला किट आणि नोंदवही, आणि मत्स्यबीज आणायचे ते वहीत लागोपाठ तीन चाचण्या शून्याजवळ आल्यावरच. पुढच्या तीन टाक्यांना विरजण या दोन टाक्यांतून जाणार आहे.

ही पद्धत पैसा मिळवून देईल असे कोणी सांगत असेल तर दोन वेळा विचार करावा. दोन वाफ्यांवर घरची भाजी निघते, सणावाराला चार मासे निघतात, आणि मुलांना शाळेत न दिसणारे शास्त्र डोळ्यांपुढे दिसते. तेवढ्यासाठी करायला हरकत नाही.

नारायण पेठेतले ते बारा मासे आता तळहातापेक्षा मोठे झाले आहेत. खाद्याचा डबा वहिनींच्या ताब्यात आहे आणि त्यात मोजायला चहाचा चमचा ठेवला आहे. नातवंडांना मूठ भरून टाकायची परवानगी नाही. अण्णा रोज सकाळी आधी मासे पाहतात, मग वही उघडतात आणि मगच चहा घेतात.

ज्यांना टाकी सुरू करायची आहे त्यांनी आधी आपल्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जावे, पाण्याचा सामू आणि जडपणा तपासून घ्यावा, आणि घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवावे की पहिले सहा आठवडे टाकीत मासा दिसणार नाही.